स्पर्शपटलाचा भ्रमणध्वनी : वैशिष्ट्ये, मर्यादा आणि चंदीगडचे उदाहरण

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात एखादे नवे उपकरण बाजारात आले की त्याच्या गुणांची चर्चा विपुल प्रमाणात होते. ते उपकरण ज्या समाजात वापरले जाणार आहे त्या समाजाची परिस्थिती, तेथील दळणवळणाचे जाळे, लोकांची भाषा आणि त्यांची क्रयशक्ती यांचा विचार मात्र मागे पडतो. स्पर्शपटल असलेला भ्रमणध्वनी संच, ज्याला आज सर्वजण स्मार्टफोन या नावाने ओळखतात, त्याचा भारतातील प्रारंभीचा काळ या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अ‍ॅपल या अमेरिकी कंपनीचा 'आयफोन ३जी' हा संच २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल व व्होडाफोन या दोन सेवा कंपन्यांमार्फत भारतात अधिकृतपणे विक्रीस आला. त्या वेळी देशातील भ्रमणध्वनी ग्राहकांची संख्या तीस कोटींच्या वर गेली होती. संचाच्या नावातच 'तिसरी पिढी' असा उल्लेख होता. पण तिसऱ्या पिढीची सेवा त्या दिवशी देशात कोठेही उपलब्ध नव्हती. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी चंदीगड या केंद्रशासित प्रदेशाचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

पूर्वपीठिका

स्पर्शाने चालणारे पटल ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्लंडमधील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत काम करणारे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये धारकतेच्या तत्त्वावर चालणाऱ्या स्पर्शपटलाची कल्पना प्रसिद्ध केली. विमान वाहतुकीचे नियंत्रण हा तिचा अभिप्रेत उपयोग होता. पुढे १९७० च्या दशकात जिनिव्हा येथील सर्न या संशोधन केंद्राने आपल्या कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी अशी पटले तयार केली. भ्रमणध्वनी आणि स्पर्शपटल यांचा संयोग प्रथम १९९४ मध्ये आयबीएमच्या 'सायमन' या संचात झाला. त्यावर पत्ते, दैनंदिनी, टपाल अशा सोयी होत्या. परंतु तो आकाराने मोठा होता व त्याचा विद्युत घट थोड्याच वेळात रिकामा होई. त्यामुळे तो फार काळ टिकला नाही.

अ‍ॅपलने आपला पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर केला व २९ जून २००७ पासून तो अमेरिकेत विकण्यास आरंभ केला. भारतात आलेला 'आयफोन ३जी' ही त्याची दुसरी आवृत्ती होय. ११ जुलै २००८ रोजी ती २१ देशांत एकाच वेळी विक्रीस आली आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी भारतात पोहोचली.

स्पर्शपटलाचे कार्य कसे चालते?

स्पर्शपटलाचे मुख्यत्वे दोन प्रकार विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत : रोधक पटल आणि धारक पटल. रोधक पटलात विद्युतवाहक लेप दिलेले दोन पातळ थर एकमेकांपासून किंचित अंतरावर ठेवलेले असतात. बोटाने किंवा लेखणीने दाब दिला की वरचा थर वाकून खालच्या थराला टेकतो. ज्या ठिकाणी ते टेकतात तेथील विद्युत दाब मोजून स्पर्शाची जागा निश्चित केली जाते. येथे दाबाला महत्त्व असल्यामुळे नख, लाकडी काडी किंवा हातमोजा घातलेले बोट यांपैकी कशानेही काम होते. हे पटल स्वस्तही पडते. पण थरांमुळे चित्र थोडे मंद दिसते, प्रत्येक वेळी जोर द्यावा लागतो आणि साध्या रचनेत एका वेळी एकच स्पर्श ओळखता येतो.

धारक पटलाची रचना वेगळी असते. काचेखाली इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडचा पारदर्शक लेप उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिलेला असतो. या पट्ट्या जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे सूक्ष्म विद्युत धारक तयार होतात. माणसाचे शरीर विद्युतवाहक असल्याने बोट जवळ येताच त्या ठिकाणच्या विद्युत क्षेत्रात बदल होतो. संचातील नियंत्रक चकती सर्व छेदबिंदूंची सतत मोजणी करून बदलाचे केंद्र शोधते. प्रत्येक छेदबिंदू स्वतंत्रपणे मोजला जात असल्यामुळे एका वेळी दोन किंवा अधिक बोटांचे स्पर्श ओळखता येतात. दोन बोटे एकमेकांपासून दूर नेली की छायाचित्र मोठे होते, जवळ आणली की लहान होते. या कृतीमागे हेच तत्त्व आहे. आयफोनमध्ये धारक पटल वापरलेले होते.

संचाची वैशिष्ट्ये

आयफोन ३जीचे पटल ३.५ इंचांचे असून त्यावर ३२० गुणिले ४८० बिंदूंचे चित्र उमटत असे. संचाचे वजन १३३ ग्रॅम होते. अंकांची बटणे पूर्णपणे काढून टाकल्यामुळे संचाचा जवळजवळ सगळा दर्शनी भाग पटलाला मिळाला. जेव्हा लिहायचे असेल तेव्हाच कळफलक पटलावर प्रकट होई व काम संपताच नाहीसा होई. ही कल्पना आज सामान्य वाटते. पण बटणे कारखान्यातच ठरून गेलेल्या संचांच्या काळात ती मूलगामी होती. कळफलक आज्ञावलीने तयार होत असेल, तर तो कोणत्याही लिपीचा असू शकतो, ही तिच्यात दडलेली मोठी शक्यता होती. तिचा विचार पुढे केला आहे.

दुसरे वैशिष्ट्य संवेदकांचे होते. संच आडवा धरला की चित्रही आडवे होई, कारण आत गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा त्वरणमापक होता. संच कानाशी नेला की पटल बंद होई, जेणेकरून गालाच्या स्पर्शाने नको ती आज्ञा जाऊ नये. सभोवतालच्या प्रकाशानुसार पटलाची तेजस्विता कमी-अधिक होई. याशिवाय उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करण्याची यंत्रणा या आवृत्तीत प्रथमच आली. केवळ उपग्रहांच्या संकेतांवर अवलंबून राहिल्यास पहिले स्थान मिळण्यास बराच वेळ लागतो. म्हणून उपग्रहांविषयीची प्राथमिक माहिती भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून मिळवून हा वेळ वाचवण्यात येतो. या पद्धतीला साहाय्यित स्थाननिश्चिती म्हणतात.

तिसरे वैशिष्ट्य आर्थिकदृष्ट्या सर्वांत दूरगामी ठरले. १० जुलै २००८ रोजी अ‍ॅपलने 'अ‍ॅप स्टोअर' हे दालन सुरू केले. सुरुवातीला त्यात सुमारे ५०० उपयोजने होती. संच बनवणारी कंपनी सोडून इतर कोणालाही उपयुक्त आज्ञावली लिहून ती जगभरच्या ग्राहकांना विकता येईल, अशी बाजारपेठ त्यामुळे निर्माण झाली. मात्र कोणते उपयोजन दालनात ठेवायचे व कोणते नाकारायचे याचा अंतिम अधिकार कंपनीकडेच राहिला. सोय आणि एकाधिकार या दोन्ही बाबी एकाच व्यवस्थेतून जन्माला आल्या, हे येथे नोंदवले पाहिजे.

चंदीगडची पार्श्वभूमी

चंदीगड हे स्वातंत्र्योत्तर भारतातील नियोजनबद्ध नगररचनेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रेंच-स्विस वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार वसलेले हे शहर १ नोव्हेंबर १९६६ पासून केंद्रशासित प्रदेश असून पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे. केवळ ११४ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या प्रदेशाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेनुसार ९ लाख ६३५ होती; २०११ मध्ये ती १० लाख ५५ हजारांवर गेली. साक्षरता व दरडोई उत्पन्न या दोन्ही बाबतींत हा प्रदेश देशात अग्रभागी राहिला आहे. वीज, पाणी यांची देयके व इतर शासकीय कामे एकाच छताखाली व्हावीत म्हणून प्रशासनाने २००४ मध्ये ई-संपर्क केंद्रे सुरू केली. किशनगढ येथे राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्कही त्याच सुमारास उभे राहिले. नव्या तंत्रज्ञानाचे स्वागत करण्यासाठी यापेक्षा अनुकूल भूमी देशात क्वचितच असेल. म्हणूनच येथे जी अडचण आली ती ग्रामीण भारतात किती तीव्र असेल, याचा अंदाज करता येतो.

चंदीगडला लागून असलेल्या मोहाली येथे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ही सरकारी कंपनी होती, हेही येथे लक्षात घ्यावे. एकात्मिक चकत्यांचे उत्पादन तेथे १९८४ मध्ये सुरू झाले. पण १९८९ मध्ये लागलेल्या आगीत प्रकल्पाची मोठी हानी झाली आणि या क्षेत्रातील भारताची वाटचाल अनेक वर्षे मागे पडली. २००६ मध्ये ही संस्था अवकाश विभागाकडे देण्यात आली व पुढे ती इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आली. भ्रमणध्वनीचा मेंदू असलेली चकती परदेशातून आणावी लागणे ही आपली मर्यादा किती जुनी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

मर्यादा : जाळ्याची

आयफोन ३जी तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर सेकंदाला ३.६ मेगाबिटपर्यंत माहिती उतरवून घेऊ शकत असे. परंतु २००८ मध्ये चंदीगडच्या ग्राहकाला उपलब्ध होते ते दुसऱ्या पिढीचे सुधारित जाळे. त्यावर प्रत्यक्षात सेकंदाला १०० ते २०० किलोबिट इतका वेग मिळे. एक मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे सुमारे ८० लाख बिट. २०० किलोबिट वेगाने ते उतरवण्यास ४० सेकंद लागतील, तर ३.६ मेगाबिट वेगाने दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ पुरेल. ग्राहकाने किंमत दुसऱ्या वेगाची मोजली होती आणि त्याला मिळत होता पहिला वेग.

याचे कारण वर्णपट म्हणजेच रेडिओ लहरींच्या वाटपात आहे. वर्णपट ही मर्यादित राष्ट्रीय संपत्ती आहे व तिचे वाटप केंद्र सरकार करते. तिसऱ्या पिढीसाठी आवश्यक असलेला २१०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील वर्णपट प्रथम सरकारी कंपन्यांना देण्यात आला. एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत व बीएसएनएलने फेब्रुवारी २००९ मध्ये चेन्नईत ही सेवा सुरू केली. खाजगी कंपन्यांसाठीचा लिलाव मात्र एप्रिल-मे २०१० मध्ये झाला. सरकारी कंपन्यांनी भरावयाची रक्कम धरून त्यातून शासनाला ६७ हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळाला.

चंदीगडच्या दृष्टीने या लिलावाचा निकाल उद्बोधक होता. दूरसंचार सेवेसाठी देशाचे २२ परिमंडळांत विभाजन करण्यात आले होते. चंदीगड हे पंजाब परिमंडळात येते आणि हरियाणात असूनही पंचकुला शहराचा समावेश याच परिमंडळात आहे. लिलाव परिमंडळनिहाय झाला. पंजाब परिमंडळातील तिसऱ्या पिढीचा वर्णपट एअरसेल, आयडिया, रिलायन्स व टाटा या कंपन्यांना मिळाला. एअरटेल व व्होडाफोन या, दोन वर्षांपूर्वी 'आयफोन ३जी' विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांना तो मिळाला नाही. व्होडाफोनने शेजारच्या हरियाणा परिमंडळाचा वर्णपट मिळवला. परंतु पंचकुला पंजाब परिमंडळात मोडत असल्याने तेथील ग्राहकाला त्याचा लाभ नव्हता.

वर्णपट नसलेल्या परिमंडळांत दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरण्याचे करार या कंपन्यांनी आपसांत केले. दूरसंचार विभागाने त्यांस हरकत घेतली. अखेर एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाने कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिला. दरम्यान एअरटेलला २०१० च्याच दुसऱ्या लिलावात पंजाबसाठी विस्तृत पट्ट्याचा वर्णपट मिळाला होता. त्याच्या आधारे कंपनीने कोलकाता, बंगळूर व पुणे या शहरांपाठोपाठ २०१३ मध्ये चंदीगड, मोहाली व पंचकुला येथे चौथ्या पिढीची सेवा सुरू केली. अशा रीतीने या कंपनीच्या बाबतीत चंदीगडमध्ये स्वतःच्या वर्णपटावर तिसरी पिढी येण्याआधी चौथी पिढी आली. एखाद्या संचाची उपयुक्तता केवळ त्याच्या रचनेवर ठरत नाही. धोरणाचे वेळापत्रकही ती ठरवते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मर्यादा : किमतीची

भारतात ८ गिगाबाइट क्षमतेच्या संचाची किंमत ३१,००० रुपये व १६ गिगाबाइट क्षमतेच्या संचाची ३६,१०० रुपये ठेवण्यात आली. त्या काळात देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे ४०,००० रुपये होते. म्हणजे सरासरी भारतीयाच्या नऊ महिन्यांहून अधिक काळाचे उत्पन्न एका संचासाठी लागले असते. अमेरिकेत हाच लहान क्षमतेचा संच १९९ डॉलरला, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे साडेआठ हजार रुपयांना मिळे.

ही तफावत पाहून अनेकांनी भारतीय ग्राहकाची लूट होत असल्याचा निष्कर्ष काढला. तो पूर्णतः बरोबर नव्हता. अमेरिकेतील ग्राहक दोन वर्षांच्या सेवेचा करार करीत असे. संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा सेवा कंपनी आधी सोसत असे व मासिक देयकांतून वसूल करीत असे. भारतात बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरून सेवा घेणारे होते व दीर्घ कराराची प्रथा नव्हती. त्यामुळे संपूर्ण किंमत एकाच वेळी मोजावी लागे. मात्र तुलनेचा एक भाग तरीही उरतो. संच दोनच कंपन्यांमार्फत मिळत असल्याने इतर कंपन्यांच्या ग्राहकाला तो घेताना आपला क्रमांकही बदलण्याची पाळी येत असे. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणा परिमंडळात व २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली.

मर्यादा : भाषा आणि लिपीची

चंदीगडमध्ये हिंदी व पंजाबी बोलणारे बहुसंख्य आहेत. तेथील ग्राहकाला देवनागरी किंवा गुरुमुखी कळफलकाची आवश्यकता होती; महाराष्ट्रातील ग्राहकाला मराठीची होती. २००८ च्या आयफोनमध्ये यांपैकी एकही कळफलक नव्हता. वर म्हटल्याप्रमाणे कळफलक आज्ञावलीचा असल्याने तो देणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. त्याच काळात बटणांच्या अनेक स्वस्त संचांवर हिंदी-मराठीत संदेश लिहिण्याची सोय होऊ लागली होती. याचा अर्थ महाग उपकरण भारतीय भाषांच्या बाबतीत स्वस्त उपकरणाच्या मागे होते.

भारतीय लिप्यांसाठी नुसता कळफलक पुरत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. युनिकोड या सांकेतिक पद्धतीत 'कि' हे अक्षर साठवताना आधी 'क' व नंतर ह्रस्व वेलांटी साठवली जाते. पटलावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. जोडाक्षरांत दोन-तीन चिन्हांचे मिळून एक रूप तयार करावे लागते. ही जोडणी न करणाऱ्या संचावर मजकूर विस्कटलेला दिसतो. मराठीची गरज तर हिंदीपेक्षाही थोडी वेगळी आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. या दोन शब्दांतील रकाराची रूपे भिन्न आहेत व अर्थही भिन्न आहेत. हिंदीसाठी केलेली व्यवस्था मराठीला आपोआप पुरेशी ठरत नाही, ती यामुळेच.

अ‍ॅपलच्या संचांवर मराठी कळफलक २०१४ मध्ये व पंजाबी कळफलक २०१५ मध्ये आला. सर्व कंपन्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल २०१६ मध्ये पडले. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार भ्रमणध्वनी संचावर इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची आणि आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा वाचण्याची सोय असणे अपेक्षित आहे. बाजारपेठेने आपणहून जे उशिरा व निवडकपणे दिले, ते मानकाने सर्वांसाठी किमान अट म्हणून ठरवले.

मर्यादा : हवामान, हाताळणी व रचना

धारक पटलाला उघड्या बोटाचा स्पर्श लागतो. चंदीगडच्या हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, लोकरीचे हातमोजे घालून दुचाकी चालवणाऱ्याला या संचावर आलेला दूरध्वनी घेण्यासाठी मोजा काढावा लागे. पावसाचे थेंब पटलावर पडले तरी स्पर्श चुकीचा ओळखला जाण्याचा संभव असे. उन्हाळ्याची अडचण निराळी होती. कंपनीने संच वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस ही तापमानाची मर्यादा सांगितली होती; चंदीगडमध्ये मे-जून महिन्यांत पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. उष्णतेने लिथियम घटाचे आयुष्य कमी होते, ही रसायनशास्त्रातील सुपरिचित बाब आहे.

संचाच्या रचनेतही उणिवा होत्या. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असून त्याला प्रकाशझोत नव्हता व चलचित्रण करता येत नव्हते. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवणे आणि चित्रसंदेश पाठवणे या सामान्य सोयी जून २००९ मधील नव्या प्रणालीने दिल्या. स्मृती वाढवण्यासाठी कार्ड घालण्याची जागा नव्हती. विद्युत घट ग्राहकाला स्वतः बदलता येत नसे. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर पाच तास व दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर दहा तास बोलता येईल, असे कंपनीचे म्हणणे होते; म्हणजे वेगवान जाळ्याची किंमत घटाला मोजावी लागे.

दृष्टिहीन व्यक्तींच्या अडचणीकडे सुरुवातीला फारसे लक्ष गेले नाही. बटणांचा संच बोटांनी चाचपून वापरता येतो. सपाट काचेवर चाचपण्यासारखे काहीच नसते. म्हणजे ज्या रचनेने बहुसंख्यांचे काम सोपे केले, तिनेच एका गटासाठी दार बंद केले. पटलावरील मजकूर वाचून दाखवणारी सोय २००९ च्या 'आयफोन ३जीएस' या पुढील आवृत्तीत आली व ही त्रुटी बऱ्याच अंशी दूर झाली. सोय आरंभापासून रचनेत धरली नाही तर ती मागाहून द्यावी लागते आणि मधल्या काळाचा भार दुर्बल घटकावर पडतो.

भारतीय प्रयत्न : सिंप्युटर आणि आकाश

आयफोनच्या कितीतरी आधी भारतात स्पर्शपटलाचे एक हातसंगणक यंत्र तयार झाले होते, हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून 'सिंप्युटर' विकसित केला व एप्रिल २००१ मध्ये त्याचा नमुना सादर झाला. त्यात २०६ मेगाहर्ट्‌झ वेगाची चकती व लिनक्स ही खुली प्रणाली होती. भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवण्याची क्षमता हा त्याच्या कल्पनेचा मध्यवर्ती भाग होता. एक यंत्र संपूर्ण गावाने वापरावे व प्रत्येकाने आपली माहिती स्वतःच्या स्मार्ट कार्डावर ठेवावी, अशी योजना होती. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने मार्च २००४ मध्ये 'अमिदा सिंप्युटर' बाजारात आणला. त्याची किंमत सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढे होती. मनगटाच्या हालचालीने पान उलटण्याची सोय त्यात तेव्हाच होती.

तरीही विक्री अपेक्षेच्या तुलनेत फारच थोडी झाली. सिंप्युटरपाशी लोकांची भाषा होती; पण गावात त्याला जोडणारे जाळे नव्हते, त्यावर चालणाऱ्या सेवा थोड्या होत्या आणि किंमत ज्यांच्यासाठी तो बनवला त्यांच्या आवाक्याबाहेर होती. ५ ऑक्टोबर २०११ रोजी सादर झालेल्या 'आकाश' या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त टॅबलेटचा अनुभव याच मालिकेतील आहे. त्यात खर्च वाचवण्यासाठी रोधक पटल घेतले होते व मंद प्रतिसादामुळे त्यावर टीका झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली आलेल्या 'आकाश २' मध्ये धारक पटल वापरण्यात आले. आयफोन, सिंप्युटर व आकाश यांपैकी प्रत्येकात एखादा घटक सबळ व दुसरा दुर्बळ होता, असे तुलनेअंती दिसते.

पुढील वाटचाल व नवे प्रश्न

२००९ पासून गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीवरील संच भारतात येऊ लागले. ही प्रणाली अनेक उत्पादकांना वापरता येत असल्याने स्पर्धा वाढली व किमती झपाट्याने खाली आल्या. २०१६ मध्ये युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस ही देयक व्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी चौथ्या पिढीच्या सेवेचे दर मोठ्या प्रमाणावर घटले. २०१७ मध्ये बंगळूर येथे आयफोनची जुळणी सुरू झाली. ज्या कामासाठी चंदीगडचा नागरिक २००४ मध्ये ई-संपर्क केंद्रात जात असे, त्यातील पुष्कळसे आता हातातील संचावर होऊ शकते.

याबरोबर नवे प्रश्नही उभे राहिले. स्थान ओळखणारा संच मालकाच्या हालचालींची नोंद ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला व २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. घट बदलता येत नसल्यामुळे संच लवकर टाकून देण्याची प्रवृत्ती वाढते. अशा ई-कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०१६ व २०२२ मध्ये करण्यात आले.

समारोप

आयफोन ३जी हा त्याच्या काळातील एक उत्कृष्ट संच होता, यात शंका नाही. त्याच्या अनेक मर्यादा पुढील आवृत्त्यांनी दूर केल्या. पण चंदीगडसारख्या सुशिक्षित व संपन्न शहरातही त्याच्या नावातील सेवा ग्राहकापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागली आणि तेथील लोकांच्या लिपीला त्याच्या पटलावर जागा मिळण्यास त्याहूनही अधिक काळ गेला. यातील पहिला विलंब वर्णपटाच्या धोरणाचा होता, दुसरा बाजारपेठेच्या प्राधान्यक्रमाचा. दोन्ही ठिकाणी उणीव दूर करण्याचे साधन तंत्रज्ञानात उपलब्ध होते. निर्णय उशिरा झाले. तंत्रज्ञान आणि विकास या विषयावर उत्तर लिहिताना विद्यार्थ्यांनी उपकरणाच्या गुणदोषांबरोबरच जाळे, भाषा, किंमत व मानके या चार अंगांची तपासणी करावी. कोणतीही नवी सुविधा समाजाच्या शेवटच्या स्तरापर्यंत कधी पोहोचेल, याचे उत्तर बहुधा याच चार ठिकाणी सापडते.